दादाच्या तोंडून

सोफ्याच्या पाठीला कापड ताणून बसवताना थांब्याच्या तोंडात नेहमी मूठभर बारीक खिळे असायचे. जिभेनं तो एकेक खिळा ओठांच्या कडेला आणायचा, हातोडीचं चुंबकाचं टोक ओठांना लावून उचलायचा आणि कापडाच्या काठावर ठोकायचा. टक. पुढचा. टक. त्या वेळी त्याला कुणी काही विचारत नसे. तोंडात खिळे असलेल्या माणसाकडून कुणी उत्तराची अपेक्षा करत नाही. देवानं आपल्याला हे काम तेवढ्यासाठीच दिलं असावं, असं त्याला वाटायचं.

नाव त्याचं शाळेतल्या पोरांनी ठेवलेलं. शब्द पोटातून निघायचा, गळ्यातून वर यायचा आणि ओठांच्या उंबऱ्याशी येऊन थांबायचा, म्हणून थांब्या. आई होती तेव्हा खुर्च्यांच्या गाद्यांत काथ्या भरता भरता ती आपलंच काही जुळवून गुणगुणायची:

शब्द माझ्या लेकराचा, उशिरानं येतो घरा,
दिवा ठेविते दारात, नका लोटू दार जरा.

आई गेली आणि दाराशी उभं राहायचं काम दादाकडे आलं. पण दादाला वाट बघणं जमायचं नाही. तो बाहेर धावायचा आणि थांब्याच्या शब्दाला हाताला धरून आत आणायचा. शाळेत एकदा गुरुजींनी थांब्याला प्रश्न विचारला. उत्तर येत होतं, पण निघत नव्हतं. गुरुजींनी पट्टी उचलली तसा शेजारच्या वर्गातून दादा धावत आला आणि दारातूनच उत्तर सांगून मोकळा झाला. पट्टी दोघांनाही बसली. घरी जाताना दादा हात चोळत म्हणाला, "तू घाबरू नकोस. तुझं मी बोलेन." त्या दिवसापासून दादा त्याचं बोलत आला होता आणि थांब्याला त्यात मायाच दिसत आली होती. होतीही माया. ते खोटं नव्हतं.

आता दोघांचं दुकान होतं, जुने सोफे-खुर्च्या नव्या करून देण्याचं. पुढे दादा, मागच्या खोलीत थांब्या. दादा कापडाचे नमुने उलगडायचा, "या रंगानं तुमची खोली मोठी दिसेल बघा" म्हणायचा आणि गिऱ्हाईक मान डोलवायचं. मागे थांब्या जुनं कापड सोलून काढायचा, बसलेल्या स्प्रिंगा उसवायचा, तागाचे पट्टे गुडघा लावून ताणायचा. दादाला खिळा सरळ ठोकता यायचा नाही. लोक म्हणायचे, "एकाचं तोंड, एकाचे हात. दोघांत मिळून एक माणूस होतो." दादा हसायचा. थांब्याही हसायचा.

रविवारी चर्चच्या मंडळीतही तेच. उपासनेच्या शेवटी साक्षी व्हायच्या. आठवडाभरात देवानं आपल्यासाठी काय केलं, ते ज्यानं त्यानं उभं राहून सांगायचं. थांब्याची पाळी आली की उभा थांब्या राहायचा आणि बोलायचा दादा. "माझा भाऊ म्हणतो की या आठवड्यात प्रभूनं त्याला..." लोक आमेन म्हणायचे. थांब्यालाही तेव्हाच कळायचं की या आठवड्यात आपल्याला नेमका कशाबद्दल आनंद झाला. गाणं मात्र त्याचं त्याचं होतं. गाताना त्याचा शब्द कधी अडला नाही. त्यावरून वहिनी चिडवायची, "भाऊजी, चहा हवा असेल तर चाल लावून मागा."

कव्हरं शिवायला शिंपीण आली ती याच मंडळीतली. लाँड्रीच्या वरच्या खोलीत एकटी राहायची. आईवडील नव्हते, एक बहीण लांबच्या गावी होती. मागच्या खोलीत खिडकीखाली तिनं मशीन मांडलं आणि पहिल्याच दिवशी थांब्याला विचारलं, "या हाताच्या कव्हराला गोट लावायचा का?"

थांब्यानं खिळे तळहातावर काढले. "ला... ला..."

शिंपिणीनं मशीनच्या चाकावर हात ठेवला. चाक थांबलं. ती त्याच्या तोंडाकडे बघत नव्हती. कापडाची शिवण बोटानं सारखी करत होती. पुढचा शब्द तिनं त्याच्या हाती ठेवला नाही, मान हलवून घाई केली नाही, कीव केली नाही. बसून राहिली.

"लावा," थांब्या म्हणाला. "पण बा... बारीक."

"बारीक," ती म्हणाली आणि चाक फिरवलं.

असं दोन हिवाळे चाललं. एकदा त्याला स्प्रिंगांबद्दल काही सांगायचं होतं आणि ते सांगून होईतो तिच्या कपातला चहा गार झाला. तिनं तो तसाच पिऊन टाकला आणि म्हणाली, "उन्हाळ्यात गारच बरा." बाहेर तेव्हा हात चोळायची थंडी होती. थांब्याला इतकं हसू आलं की त्याला खिळे थुंकावे लागले.

एका संध्याकाळी ती घरी गेल्यावर तो पुढच्या खोलीत आला. दादा नमुन्यांची चळत रचत होता.

"दादा, मला... मला शिं..."

"शिंपिणीची मजुरी वाढवायची?"

"नाही. ल... लग्न."

दादाचा हात चळतीवरच राहिला. मग तो हसला, उठून त्यानं थांब्याच्या पाठीवर थाप मारली. "अरे वा. आमच्या थांब्याची गाडी चक्क स्टेशन सोडून निघाली म्हणायची. बरं. तू विचारतोस की मी विचारू?"

"तू," थांब्या म्हणाला.

तो एक शब्द कुठेही न अडता निघाला.

दुसऱ्या दिवशी शिंपीण कामावर आली नाही. दादा दुपारी बाहेर जाऊन आला आणि मागच्या खोलीत येऊन उगाच एका स्टुलाचे पाय बघत उभा राहिला. दादाला बोलायला शब्द शोधावे लागताहेत, हे थांब्या पहिल्यांदाच बघत होता.

"नको म्हणते ती."

थांब्यानं मान हलवली. मग विचारलं, "का... काय म्हणाली?"

"जाऊ दे रे."

"सां... सांग."

"म्हणाली, ज्याच्या तोंडून सकाळचा नमस्कार दुपारी निघतो, त्याच्याशी संसार करायचा म्हणजे..." दादानं मान फिरवली. "पुढचं मी ऐकून घेतलं नाही. उठून आलो. माझ्या भावाबद्दल असं कुणी बोललेलं मला खपायचं नाही."

शिंपीण परत आली नाही. तिनं चौकाच्या पलीकडे पडद्यांच्या दुकानात काम धरलं आणि रविवारी दुसऱ्या मंडळीत जाऊ लागली, असं वहिनीनं सांगितलं. खिडकीखालची जागा रिकामी झाली. थांब्यानं तिथं एक पाय मोडलेली आरामखुर्ची आणून ठेवली, पण तिला हात लावला नाही.

ते वाक्य मात्र त्याच्याकडे राहायला आलं. सकाळी दाढी करताना तो आरशातल्या स्वतःला नमस्कार म्हणून बघायचा. न... न... आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे डोळा जायचा. आधी तो अडत होता, पण बोलत होता. आता त्यानं बोलणंच सोडलं. रात्री प्रार्थनेला गुडघे टेकले तरी देवासमोर तो नुसता बसायचा, तिथंही त्याला आपला उशीर झाल्यासारखं वाटायचं. वाईट एका गोष्टीचं वाटायचं. ते वाक्य तिच्या आवाजात ऐकू यायचं. ती तसं बोलेल असं एरवी त्याला स्वप्नातही वाटलं नसतं. पण दादानं सांगितलं होतं.

उन्हाळा सरत आला तेव्हा पाळकसाहेबांनी जाहीर केलं की येत्या रविवारी दादाला मंडळीचा वडील म्हणून नेमायचं. वडील म्हणजे पाळकांच्या जोडीनं मंडळीची काळजी वाहणारा, घराघरातली भांडणं मिटवणारा, लोकांच्या मनातलं ऐकून पोटात ठेवणारा माणूस. मंडळीची रीत अशी की डोक्यावर हात ठेवून नेमण्याआधी पाळक सगळ्यांना विचारत: या माणसाविषयी कुणाला काही बोलायचं आहे का? कुणी बोललं नाही की ती संमती. लोकांच्या आठवणीतल्या सगळ्या वर्षांत कुणीही कधी बोललं नव्हतं.

त्याच्या आदल्या दिवशी, शनिवारी, पडद्यांच्या दुकानातून गाडी आली नाही म्हणून त्यांचं नवं करून झालेलं एक गोल स्टूल थांब्यालाच पोचवावं लागलं. दादा आपला कोट इस्त्रीला देण्यात गुंतला होता. थांब्या स्टूल डोक्यावर घेऊन मागच्या दारानं शिरला. आत पडद्यांच्या ढिगात शिंपीण बसली होती, मांडीवर जाडजूड निळं कापड, दातांत दोरा.

तिनं दोरा तोडला. "ठेवा तिथं."

त्यानं ठेवलं. जायला वळला.

"एक सांगू?" ती म्हणाली. "नाही म्हणायचा माणसाला हक्क आहे. मला त्याचा राग नाही. पण तुम्ही स्वतः यायचं होतं. संध्याकाळ झाली असती तरी मी ऐकलं असतं. निरोप कसला पाठवता?"

थांब्या बघत राहिला. "नि... नि..."

तिनं नेहमीसारखी वाट बघितली नाही. इतके महिने तिच्याही पोटात साठलं होतं. "निरोप. 'माझ्या मनात तसलं काही नाही, आणि तिनंही उगाच आस लावून बसू नये.' तुमच्या दादांनी माझ्या दारात उभं राहून शब्दाला शब्द सांगितलं. मी कधी तुमच्या मागं लागले होते? कधी एक शब्द जास्त बोलले?" तिनं सुई कापडात खोचली. "आता वाटतं, मलाच कळायला हवं होतं. इतकं लांबलचक वाक्य तुम्ही कधी एका दमात बोलला आहात?"

शेवटचं बोलताना ती हसायला गेली आणि ते नीट जमलं नाही.

थांब्याच्या तोंडात त्या क्षणी एकदम सगळे शब्द आले. मी नव्हतं म्हटलं. मी वेगळंच म्हटलं होतं. मला सांगितलं की तूच. ते सगळे एकाच दारातून बाहेर पडायला धडपडले आणि दारातच चेंगरले. त्याच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या. पुढून मालकानं हाक मारली, गिऱ्हाईक खोळंबलंय म्हणून. शिंपीण कापड उचलून उठली. "जा तुम्ही. तुमच्या घरात उद्या आनंदाचा दिवस आहे ना."

घरापर्यंतचा रस्ता कसा सरला ते त्याला कळलं नाही. चोरी झालेल्या घरात माणूस जसा एकेक फडताळ उघडून बघतो, तसा तो मागचं एकेक वर्ष उघडून बघत होता. दादा म्हणाला होता, पाळकांना तुझं गाणं आवडलं नाही, तू गायनवृंदात जाऊ नकोस. खरं असेल का? दादा म्हणाला होता, आईनं जाताना तुला सांगितलंय की दादाला सोडू नकोस. आई तेव्हा बोलू शकत होती का? जगानं त्याच्याशी केलेलं आणि त्यानं जगाशी केलेलं सगळं बोलणं एकाच तोंडातून आलं-गेलं होतं. आता त्यातलं काय ठेवायचं आणि काय टाकायचं, हे त्याला कोण सांगणार?

घरी दादा पुढच्या खोलीत येरझारा घालत उद्याचं भाषण म्हणून बघत होता. वहिनी बटाटे सोलता सोलता ऐकत होती.

"'नम्र' दोनदा आलंय," ती म्हणाली. "एकदा नम्र झालात की पुरे."

दादा हसला. त्याचं लक्ष दाराशी गेलं. "काय रे, असा का उभा? काही म्हणायचंय?"

"दा... दा..."

"दमलास. उन्हातून स्टूल घेऊन गेलास डोक्यावर. वाढ गं त्याला आधी."

म्हणजे आता तो दमलेला होता. दादानं सांगितलं होतं.

जेवण न करता थांब्या आपल्या खोलीत गेला, दार लावून घेतलं आणि गुडघ्यावर बसला. प्रार्थना येईना. एकच वाक्य येत होतं: माझा भाऊ खोटं बोलला. त्यानं ते ओठांवर आणून बघितलं. मा... मा... मग त्याला जे सुचलं त्याची त्यालाच भीती वाटली. त्यानं ते वाक्य एका गीताच्या चालीवर बसवलं आणि हळूच म्हणून बघितलं. सरळ निघालं. रविवारी उभं राहून असं म्हटलं तर कुणीही मध्ये पडू शकणार नव्हतं. पुढचंही त्यानं बसवलं. माझ्या नावानं तिला, तिच्या नावानं मला. चाल स्तुतीची होती. तिच्यावर हे शब्द फारच छान बसले.

रविवारी चर्च भरलं होतं. पाळकसाहेबांनी बोलण्याचा विषयही जीभच घेतला होता. जिभेवर ज्याचा ताबा त्याचा सगळ्या देहावर ताबा, असं काही ते समजावत होते आणि शेवटी दादाकडे हात करून म्हणाले, "या आपल्या भावाच्या तोंडून कुणाविषयी वाकडा शब्द कधी ऐकलाय का आपण? मुक्या भावाची जीभ होऊन राहिला आहे हा."

मुका, असं थांब्याला कुणी आजवर म्हटलं नव्हतं.

दादा पुढे जाऊन उभा राहिला, इस्त्रीच्या कोटात. पाळकसाहेबांनी रीतीप्रमाणे विचारलं, "या माणसाविषयी कुणाला काही बोलायचं आहे का?" आणि रीतीप्रमाणेच उत्तराची वाट न बघता अभिषेकाच्या तेलाच्या कुपीकडे हात नेला.

थांब्या उभा राहिला.

बाकावरून माणूस उठला की लाकूड कुरकुरतं, तेवढाच आवाज. पण सगळ्या माना फिरल्या. चाल त्याच्या ओठांवर तयार होती. त्यानं श्वास घेतला आणि समोरचे चेहरे बघितले. पुढच्या बाकावरच्या दोघी म्हाताऱ्या कानामागे हात धरून बसल्या होत्या. त्यांच्या मागे लाँड्रीवाला, शिंपिणीच्या खोलीखाली राहणारा. त्याच्या शेजारी संडे स्कूलची पोरं. तो खोटं बोलला म्हटल्यावर हे सगळे विचारतील, काय खोटं? मग ते वाक्य सांगावं लागेल, नमस्कार आणि दुपारचं. संध्याकाळपर्यंत पोरं ते एकमेकांना म्हणून दाखवतील. लाँड्रीवाला जिन्यात शिंपिणीला बघून हसेल. ती ते कधीही बोलली नव्हती, पण उद्यापासून ते तिचंच होईल. लोक म्हणतील, ती तसं बोलली नव्हती बरं का, आणि प्रत्येक वेळी ते वाक्य पुन्हा म्हणतील. आज ते फक्त दोन भावांच्या पोटात होतं.

त्यानं चाल गिळली. मग नुसतं बोलायला लागला.

"मा... मा... मला..."

दादाचा चेहरा मऊ झाला. सवयीनं तो एक पाऊल पुढे आला. "माझा भाऊ म्हणतो," तो सगळ्यांकडे वळून म्हणाला, "की आज आई असायला हवी होती. त्याला फार आनंद झालाय."

आमेन, कुणी तरी म्हणालं. कुणी डोळे पुसले.

"नाही," थांब्या म्हणाला.

पाळकसाहेबांचा हात कुपीवर थांबला. दादाचं तोंड अर्धं उघडं राहिलं.

"आज... आजपासून," थांब्या म्हणाला आणि अडला. लोक खाली बघू लागले. कुणी खोकलं. एक म्हातारी दुसरीला म्हणाली, "काय म्हणतोय गं?" आणि दुसरी म्हणाली, "गप बस, बोलतोय." थांब्या दादाकडे बघत होता. "आजपासून मा... माझं... मी बो... बोलेन. दा... दादानं... माझ्यासाठी... बोलू नये. ए... एवढंच."

किती वेळ लागला कुणास ठाऊक. पंख्याचा आवाज तेवढ्यात सगळ्यांना पाठ झाला असेल. तो खाली बसला.

आपलं खोटं थांब्याला समजलंय, हे दादाला कळलं. ते त्याच्या कानांच्या पाळ्यांपर्यंत चढलेलं थांब्याला दिसलं. पाळकसाहेब जरा घोटाळले. मग त्यांनी दादाला विचारलं, "तुम्हाला काही बोलायचं आहे?"

दादाला काहीही बोलता आलं असतं. आज नको, असं म्हणता आलं असतं. नुसतं थांबा म्हणाला असता तरी पुरलं असतं. थांब्या वाट बघत होता. असा कधी कुणाच्या शब्दासाठी तो टांगून राहिला नव्हता.

दादानं मान खाली घातली. "देवाची इच्छा," तो स्वच्छ आवाजात म्हणाला आणि गुडघ्यावर बसला. पाळकसाहेबांनी दोन्ही हात त्याच्या डोक्यावर ठेवले.

सगळे गायला उभे राहिले तेव्हा थांब्या मागच्या दारानं बाहेर पडला.

लाँड्रीच्या शेजारचा जिना अरुंद होता आणि वाफेचा वास त्यात बारा महिने कोंडलेला असायचा. शिंपिणीनं दार उघडलं. तीही नुकतीच उपासनेहून आली होती, डोक्यावरचा रुमाल अजून गळ्यात होता. त्याला बघून तिनं दार पूर्ण उघडलं नाही आणि लोटलंही नाही.

"मी... ते म्ह... म्हटलं नव्हतं," तो म्हणाला.

ती उभी राहिली.

"मी... लग्... लग्नाचं... विचार म्ह... म्हटलं होतं."

ती चौकटीला टेकली. खाली कुणी इस्त्री आपटली. दुसऱ्याच्या शब्दासाठी दाराशी उभं राहणं म्हणजे काय असतं, ते थांब्याला कळलं.

"मग इतके महिने?" ती म्हणाली.

त्यानं सांगितलं. ते वाक्य सांगितलं नाही. तुमच्या नावानं मला काही सांगितलं गेलं, आणि ते असं होतं की ते ऐकल्यावर यायचं तोंड उरलं नाही, एवढंच. ते सांगायलाही त्याला जिन्याच्या कठड्याला धरावं लागलं.

"काय सांगितलं माझ्या नावानं?"

"न... नको."

"माझ्या बोलण्याबद्दल मला कळायला नको?"

"ते तु... तुमचं नव्हतंच."

तिनं ते मनात फिरवून बघितलं. तिचा चेहरा आधी सैल झाला, मग हळूहळू पुन्हा कठीण झाला, पण वेगळ्या जागी. "आणि तू खरं मानलंस," ती म्हणाली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच ती त्याला तू म्हणाली. "दादांचं सोड, ते मला कोण? मी त्यांच्याकडून काही मागितलं नव्हतं. पण तू दोन वर्षं माझ्या शेजारी बसलास. मी काय बोलते आणि काय बोलत नाही, ते तुझ्याइतकं कुणाला माहीत होतं? तरी तुला एकदाही वाटलं नाही की चौक ओलांडून यावं आणि विचारावं?"

याला त्याच्याकडे उत्तर नव्हतं. अडलेलं नव्हतं, नव्हतंच.

"मीही मानलं," ती म्हणाली. "तेही आहेच म्हणा." मग म्हणाली, "आज जा. मला नीट रागावू दे."

"उ... उद्या?"

"उद्याही असेल राग."

"मग प... परवा येतो."

"ये. पण हो म्हणेन असं धरून येऊ नकोस." तिनं दार लोटत आणलं आणि फटीतून म्हणाली, "आणि कुणाकडून काही सांगून पाठवू नकोस."

घरी दादा कोट न काढता बसला होता. वहिनी कुठे दिसत नव्हती. दादा म्हातारा दिसत होता, किंवा थांब्याच त्याच्याकडे आज नीट बघत होता.

"सांगून टाकायचं होतंस," दादा म्हणाला. "सगळ्यांसमोर. मी तयार होतो."

तयार नव्हता, हे थांब्यानं बघितलं होतं.

"तुला माफ करावंसं वाटलं?"

"नाही."

"मग?"

"ते वा... वाक्य," थांब्या म्हणाला. "आणखी को... कुणाच्या तोंडी... जायला नको."

दादानं दोन्ही हातांनी तोंड चोळलं. मग बोलायला लागला. तू गेला असतास तर मी काय केलं असतं, तो म्हणाला, मला एक खिळा ठोकता येत नाही. तू इथून गेल्यावर मी कुणासाठी बोलायचं, तेही तो म्हणाला. वाटलं होतं दोन दिवस रडशील आणि विसरशील, आणि एकदा बोलून गेल्यावर परत घ्यायची हिंमत झाली नाही. सगळं ओघवतं होतं, ऐकणाऱ्याचा जीव हलावा असं. थांब्यानं ऐकून घेतलं. यातलं बरंचसं खरंही असेल, असं त्याला वाटलं. पण कुठलं, ते आता त्याला ओळखता येत नव्हतं. ती ओळख गेली होती, आणि भावाहून जास्त त्याला त्या ओळखीचीच उणीव भासत होती.

शेवटी दादा थांबला. मग जुन्या सवयीनं, थोडं पुढे वाकून, हळूच विचारलं, "तिच्याकडे गेला होतास ना? काय म्हणाली?"

थांब्यानं त्याच्याकडे बघितलं. उत्तर ओठांवर होतं आणि या खेपेला ते कुठेही अडलेलं नव्हतं. त्यानं ते तसंच आत ठेवलं आणि खोलीत जाऊन दार लावून घेतलं.